राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाच्या सदस्यांची पार्श्वभूमी (मध्य प्रदेश)

मध्य प्रदेशात दहावी आणि बारावीच्या परीक्षा माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. सरकारी कागदात त्याला ‘माशिमं’ म्हणतात, बोलण्यात ‘एमपी बोर्ड’. या मंडळावर कोण माणसे बसतात, ती कोणत्या नोकरीतून किंवा क्षेत्रातून तिथवर पोचतात आणि त्यांच्या पूर्वानुभवामुळे प्रश्नपत्रिका, मूल्यांकन, मान्यता यांबाबतचे निर्णय कसे घडतात किंवा बिघडतात, हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरणे मुख्यतः इंदूर आणि ग्वाल्हेरची आहेत.

एक गल्लत सुरुवातीलाच दूर केलेली बरी. पाचवी आणि आठवीच्या ‘बोर्ड पॅटर्न’ परीक्षा राज्य शिक्षा केंद्र घेते, माशिमं नव्हे. पाठ्यपुस्तके छापण्याचे काम पाठ्यपुस्तक निगमाकडे आहे, शिक्षकांच्या बदल्या आणि नेमणुका लोकशिक्षण संचालनालयाकडे. मंडळाकडे उरतात त्या नववी ते बारावीच्या परीक्षा योजना, शाळांची संबद्धता, अंकसूच्या (गुणपत्रिका) आणि डी.एल.एड. ही शिक्षक पदविकेची परीक्षा. पालकांच्या पुष्कळशा तक्रारी चुकीच्या दारावर जातात त्या यामुळेच.

रचना

मंडळ ‘मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षा अधिनियम, 1965’ या कायद्याखाली चालते. मुख्यालय भोपाळला शिवाजी नगरात आहे, आणि शेजारच्या चौकाला सगळे शहर ‘बोर्ड ऑफिस चौराहा’ म्हणते. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे संभागीय (विभागीय) कार्यालये आहेत. नाव दुरुस्तीचा अर्ज किंवा दुसरी अंकसूची असल्या कामांसाठी लोकांचा संबंध त्यांच्याशीच येतो. धोरण मात्र तिथे ठरत नाही.

सदस्य ढोबळमानाने तीन वाटांनी येतात. पहिली वाट पदाची. लोकशिक्षण आयुक्तांसारखे अधिकारी खुर्चीमुळेच सदस्य असतात, त्यामुळे बदली झाली की सदस्यही बदलतो. दुसरी वाट शासनाच्या नामनियुक्तीची. शाळांचे प्राचार्य, शिक्षक, विद्यापीठांतले प्राध्यापक आणि ‘शिक्षणक्षेत्रातील अनुभवी व्यक्ती’ या वाटेने येतात. तिसरी वाट आमदारांची. या सर्वांची मिळून साधारण सभा होते. पण रोजचा कारभार कार्यपालिका समिती, परीक्षा समिती, परीक्षाफल समिती, मान्यता समिती, पाठ्यक्रम आणि वित्त यांच्या समित्या अशा लहान गटांत चालतो. त्यामुळे ‘मंडळाचा सदस्य’ या बिरुदापेक्षा तो कोणत्या समितीवर आहे हे आधी पाहावे. साधारण सभेत सही करून जाणारा आणि परीक्षा समितीत प्रश्नपत्रिकेचा आराखडा वाचणारा यांच्या हातातल्या अधिकारात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

माळव्यात मंडळ आले कसे

सदस्यांची आजची घडण कळायला थोडे मागे जावे लागते. होळकर आणि शिंदे या दोन्ही मराठी संस्थानांत शाळा होत्या, 1891 पासून इंदूरला होळकर कॉलेज होते, ग्वाल्हेरला व्हिक्टोरिया कॉलेज होते. पण शाळा सोडतानाच्या परीक्षेवर त्यांची स्वतःची सत्ता नव्हती. त्या काळी ही परीक्षा विद्यापीठे घेत. 1887 मध्ये अलाहाबाद विद्यापीठ झाल्यावर मध्य भारताचा हा पट्टा हळूहळू कलकत्त्याकडून तिकडे वळला. म्हणजे शाळेत काय शिकवायचे हे ठरवणारे लोक विद्यापीठाचे प्राध्यापक होते. शाळामास्तराला त्यात आवाज नव्हता.

1917 ते 1919 या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने, म्हणजे कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, शालान्त आणि इंटर परीक्षा विद्यापीठांकडून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्याव्यात, आणि त्यांवर सरकार, विद्यापीठे, हायस्कुले व इंटर कॉलेजे यांचे प्रतिनिधी असावेत, असे सुचवले. शाळेतल्या माणसाला मंडळावर जागा मिळण्याची ही सुरुवात. त्यानुसार 1921 मध्ये संयुक्त प्रांताचे (आजच्या उत्तर प्रदेशाचे) मंडळ झाले. राजपुताना, मध्य भारत आणि ग्वाल्हेरही त्याच्या कक्षेत होते. 1929 मध्ये या प्रदेशांसाठी अजमेरला वेगळे राजपुताना मंडळ निघाले. पुढे 1952 मध्ये त्याचेच नाव केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे आजचे सीबीएसई, झाले. आज इंदुरात एमपी बोर्ड आणि सीबीएसई यांची जी तुलना रंगते, तिच्यातल्या ‘केंद्रीय’ बाजूचे मूळ या प्रदेशासाठी काढलेल्या मंडळात आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

1948 मध्ये मध्य भारत राज्य झाल्यावर त्याचे मंडळ ग्वाल्हेरला होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल एकत्र येऊन मध्य प्रदेश झाला आणि वेगवेगळ्या मंडळांच्या सवयी एका छताखाली आल्या. यात ग्वाल्हेरचे नुकसान झाले ते अंतराचे. मंडळ गावातच असताना शहरातला अनुभवी प्राचार्य शाळा सांभाळून बैठकीला जाऊ शके. भोपाळ झाल्यावर बैठक म्हणजे पूर्ण दिवस, ग्वाल्हेरकराला तर मुक्कामच. ज्याला शाळेतून सुटी मिळते तोच नियमित हजर राहतो, आणि तसे बहुधा अधिकारी असतात.

1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने मंडळाच्या आकाराबद्दल नेमकी शिफारस केली होती. सदस्य 25 पेक्षा जास्त नसावेत, त्यांतले 10 व्यवसाय किंवा तंत्रशिक्षणाची जाण असलेले असावेत, शिक्षण संचालक अध्यक्ष असावेत आणि परीक्षेचे काम एका उपसमितीकडे द्यावे. आयोगाचे अध्यक्ष ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार स्वतः डॉक्टर होते आणि मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. शाळेबाहेरची पार्श्वभूमी म्हणजे अडचणच, असे समजू नये याचे हे चांगले उदाहरण. तंत्रशिक्षणाच्या 10 जागांची सूचना मात्र देशात फारशी कुणी मनावर घेतली नाही.

प्रशासनातून आलेले

मध्य प्रदेशात मंडळाचे अध्यक्षपद अलीकडे भारतीय प्रशासन सेवेतील ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे असते. वीरा राणा यांच्याकडे हे पद असतानाच 2023 च्या नोव्हेंबरअखेर राज्याच्या मुख्य सचिवपदाची सूत्रे आली. पदाचा दर्जा त्यावरून कळतो. अध्यक्षांच्या हाताखाली सचिव असतो आणि परीक्षा, गोपनीय, वित्त, मान्यता अशा शाखा असतात. त्यांतले काही अधिकारी इतर खात्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात.

प्रशासकच का, याचे उत्तर परीक्षेच्या आकारात आहे. 2025 मध्ये दहावी-बारावी मिळून 16 लाखांहून अधिक विद्यार्थी होते आणि केंद्रे 3,800 च्या वर होती. प्रश्नपत्रिकांची पाकिटे समन्वयक संस्थेतून केंद्राध्यक्षांच्या ताब्यात जातात, जवळच्या पोलीस ठाण्यात ठेवली जातात आणि पेपरच्या सकाळी तिथून निघतात. 2023 मध्ये पेपर सुरू होण्याआधी काही मिनिटे प्रश्नपत्रिका मोबाइलवर फिरल्याचे प्रकार झाले. त्यानंतर पाकीट ठाण्यातून काढताना आणि उघडताना कलेक्टर प्रतिनिधी हजर ठेवण्याची पद्धत आली आणि केंद्राध्यक्षाच्याही मोबाइलवर बंदी आली. कलेक्टर, पोलीस आणि शिक्षण खाते यांना एका वेळी हलवायचे तर ती भाषा बोलणारा माणूस लागतो. प्राचार्याच्या पत्रावर ठाणेदार उठून उभा राहत नाही.

उणी बाजू अशी की अधिकारी येतो, विषय समजून घेतो आणि बदलीवर जातो. शैक्षणिक बदलाचा परिणाम दिसायला निदान दोन वर्षे लागतात: नववीत नवा आराखडा शिकवायचा, दहावीत त्याची परीक्षा घ्यायची. तोवर निर्णय घेणारा दुसऱ्या खात्यात असतो. 2025 पासून पूरक परीक्षेच्या जागी आलेली ‘द्वितीय परीक्षा’ असो की उत्तरपुस्तिकेच्या पानांची संख्या, बदल जाहीर कोणी केला हे सर्वांना ठाऊक असते. तो निस्तरतो मात्र संभागीय कार्यालयातला जुना लिपिक.

वर्गातून आलेले

‘शिक्षक प्रतिनिधी’ हा शब्द फसवा आहे, कारण मध्य प्रदेशात शिक्षक हा एकजिनसी वर्ग नाही. 1990 च्या दशकात शिक्षाकर्मी (नियमित संवर्गाबाहेरचे, कमी मानधनावरचे शिक्षक) नेमले गेले, 2007 मध्ये अध्यापक संवर्ग झाला आणि 2018 मध्ये या शिक्षकांना राज्य शिक्षण सेवेत घेऊन प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शिक्षक आणि उच्च माध्यमिक शिक्षक अशी नवी पदनामे आली. शिक्षक कक्षात अजूनही ‘वर्ग एक’, ‘वर्ग दोन’ हेच जुन्या श्रेणींचे शब्द चालतात. जुन्या व्याख्याता संवर्गातून प्राचार्य झालेला आणि शिक्षाकर्मी म्हणून सुरुवात केलेला, दोघांच्या नावापुढे मंडळाच्या यादीत ‘शिक्षक’ इतकेच असते. पण दुसऱ्याने एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळलेले असतात आणि विज्ञान शिक्षक नसताना गणिताच्या अतिथी (तात्पुरत्या, मानधनावरच्या) शिक्षकाकडून भौतिकशास्त्र शिकवून घेतलेले असते. प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण कसे दिले जातात हे त्याला अंकसूची न पाहता सांगता येते.

आणखी एक भेद शहराचा. इंदूरच्या शासकीय मालव कन्या विद्यालयासारख्या मोठ्या शाळेतले शिक्षक मूल्यांकनाचे काम जवळून पाहतात. धार, झाबुआकडच्या शाळेतल्या शिक्षकाला परीक्षा केंद्राची अडचण जास्त कळते: बस पेपरच्या वेळेला पोचत नाही, वीज नसते, आणि पंचवीस किलोमीटरवरच्या ठाण्यातून पाकीट आणायला निघायचे तर पहाटेच गाडी ठरवावी लागते. परीक्षा समितीत दोन्ही अनुभव लागतात. पण शहरातली नावे सुचवणे सोपे असल्यामुळे पारडे बहुधा शहराकडे झुकते.

निवृत्त प्राचार्यांची नेमणूक ही सर्वांत सोयीची. त्यांना वेळ असतो, अनुभव असतो, ओळखी असतात. त्यांनी शेवटचा पूर्ण तास कोणत्या वर्षी घेतला हे मात्र विचारावे. प्राचार्य झाल्यावर बहुतेकांचे शिकवणे सुटते, आणि वर्ग सुटून दशक उलटलेल्या माणसाच्या मनातला दहावीचा पेपर त्याच्या काळचाच असतो.

खासगी संस्थाचालकांची पार्श्वभूमी वेगळ्या कारणाने पारखावी लागते. शाळेचे अर्थकारण त्यांना इतरांपेक्षा नीट कळते. मात्र मान्यता समितीत त्यांच्या किंवा शेजारच्या स्पर्धक शाळेचा अर्ज आला की प्रश्न उभा राहतो. खोल्यांचे क्षेत्रफळ, प्रयोगशाळा, खेळाचे मैदान, प्रशिक्षित शिक्षकांची यादी या अटी कागदावर सारख्याच असतात, पण तपासणीत सूट कुणाला द्यायची हे माणसे ठरवतात. अशा वेळी सदस्याने बैठकीतून उठून जावे आणि तशी नोंद कार्यवृत्तात (बैठकीच्या इतिवृत्तात) व्हावी, हा साधा उपाय आहे. पाठ्यपुस्तकांचे किंवा गाइडचे लेखक आणि शिकवणीवर्गांशी संबंध असलेले यांनाही हाच नियम लागू व्हायला हवा.

विद्यापीठांतून येणारे सदस्य (इंदूरचे देवी अहिल्या आणि ग्वाल्हेरचे जीवाजी, दोन्ही 1964 ची) बारावीचा अभ्यासक्रम पदवीच्या पहिल्या वर्षाशी जुळतो का एवढे नेमके सांगू शकतात. दहावीच्या बाबतीत त्यांचा उपयोग कमी. आमदार सदस्यांकडून आपल्या भागात परीक्षा केंद्र मिळवणे किंवा टिकवणे हीच मुख्य अपेक्षा असते आणि ती ते पुरी करतात.

अनुभव कुठे लागतो : दोन ठिकाणे

पहिले ठिकाण मूल्यांकन. 16 लाख विद्यार्थी, दर विद्यार्थ्यामागे सरासरी साडेपाच पेपर धरले तर उत्तरपुस्तिका 88 लाख होतात. एका परीक्षकाने दिवसाला 45 तपासल्या असे धरले तर सुमारे 1 लाख 96 हजार माणूस-दिवस लागतात. 20 हजार परीक्षक मिळाले तर दहा दिवसांत काम संपायला हवे. ते संपत नाही, कारण परीक्षक विषयवार सारखे नसतात. हिंदीचे पुरेसे असतात, भौतिकशास्त्र आणि लेखाशास्त्राचे कमी पडतात. मग त्यांच्यावर घाई येते आणि घाईत दोन चुका ठरलेल्या: आतल्या पानावरचे गुण मुखपृष्ठावर उतरवताना राहून जाणे आणि शेवटच्या पानावरचे उत्तर न तपासले जाणे. पुनर्गणनेत वाढणारे गुण बहुधा इथलेच असतात. ज्या सदस्याने उप मुख्य परीक्षक म्हणून टेबल सांभाळले आहे तो निकालाची तारीख ठरवताना एकूण सरासरी मानत नाही. सर्वांत तुटपुंज्या विषयाचा हिशेब धरतो आणि तारीख त्याच्यावर बेततो. ज्याने तक्ताच पाहिला आहे तो दहा दिवस म्हणतो.

दुसरे ठिकाण प्रश्नपत्रिका. प्राश्निक ती तयार करतो, मॉडरेटर आराखड्याशी ताडून पाहतो, मग ती गोपनीय शाखेतून छपाईला जाते आणि त्यानंतर परीक्षेच्या दिवसापर्यंत ती कुणी उघडत नाही. म्हणजे मॉडरेटरच्या नजरेतून सुटलेली चूक थेट विद्यार्थ्यापुढे जाते आणि ‘सर्वांना बोनस गुण’ हा एकच मार्ग उरतो. बोनस देताना ज्यांनी चुकीच्या प्रश्नावर पंधरा मिनिटे घालवली आणि ज्यांनी तो सोडून दिला त्यांना सारखेच गुण मिळतात. न्याय म्हणावा तर तो अर्धाच. तेव्हा मॉडरेटरांची यादी कशी होते, त्यात सध्या तो विषय शिकवणारे किती, हा प्रश्न परीक्षा समितीतल्या शिक्षक सदस्यानेच विचारायचा असतो. प्रशासकाला तो सुचत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

मराठी विषय

माशिमंच्या भाषा विषयांत मराठी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, बऱ्हाणपूर या पट्ट्यात तिचे विद्यार्थी आहेत, पण हिंदी-संस्कृतपुढे ही संख्या अगदी लहान. लहान विषयाचे दुखणे निराळे असते. प्राश्निक, मॉडरेटर आणि परीक्षक होऊ शकणारी माणसे मोजकी असतात, त्यामुळे गोपनीयतेसाठी ती वेगवेगळी ठेवणे अवघड जाते. हिंदी टंकलेखनाच्या सवयीने ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि डोंगरदऱ्यांचा उतारा समुद्रावर जाऊन पोचतो. उत्तरे तपासताना हिंदी वळणाची मराठी, जी माळव्यातल्या मुलाची घरची बोली आहे, चूक धरायची की चालवून घ्यायची याचा निर्णय परीक्षकागणिक बदलतो. पुण्याच्या पुस्तकी मराठीचा हट्ट धरणारा परीक्षक इथल्या मुलावर अन्याय करतो. ‘सब चलता है’ म्हणणारा लेखननियमच बुडवतो.

मंडळावर मराठी जाणणारा सदस्य असला म्हणजे हे सुटतेच असे नाही. इंदुरात मराठी आडनावाचे अधिकारी आणि प्राध्यापक कमी नाहीत, पण मराठी आडनाव आणि मराठी शिकवण्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरज असते ती पाठ्यक्रम समितीपुढे आदर्श उत्तरसूची मांडू शकणाऱ्या शिक्षकाची. त्या सूचीत इथल्या बोलीतली कोणती रूपे ग्राह्य हे लिहून दिले की परीक्षकांमधला फरक बराच आटोक्यात येतो. सदस्य तसा नसेल तर शहरातल्या मराठी शाळांनी मिळून उत्तरसूचीचा लेखी प्रस्ताव संभागीय कार्यालयामार्फत वेळेवर, म्हणजे पेपर काढण्याचे काम सुरू होण्याआधी, पाठवावा. निकालानंतरच्या निवेदनाने त्या वर्षीच्या मुलांना काहीच मिळत नाही.

शेजारची राज्ये

महाराष्ट्राचा कायदाही 1965 चाच, पण तिथे पुण्याच्या राज्य मंडळाखाली नऊ विभागीय मंडळे आहेत आणि अध्यक्षपदी बहुधा राज्याच्या शिक्षण सेवेतले अधिकारी असतात. त्यामुळे निर्णयाला शाळा तपासणीचा वास असतो, आणि विभागाला स्वतःचे वजन असते. गुजरातच्या 1972 च्या कायद्यात शिक्षक, संचालक अशा गटांतून निवडून येणाऱ्या सदस्यांची तरतूद आली. बडोद्यातल्या मराठी शिक्षकाला त्यामुळे मतपत्रिका मिळाली. इंदूरच्या शिक्षकाला नामनियुक्तीची वाट पाहावी लागते. निवडणुकीने संघटनांचे राजकारण मंडळात येते हे खरे, पण निवडून आलेल्याला मतदारांना जाब द्यावा लागतो.

पार्श्वभूमी कशी तपासावी

नामनियुक्तीचा आदेश शालेय शिक्षण विभाग काढतो आणि अधिसूचना मध्य प्रदेश राजपत्रात येते. तिथे बहुधा नाव, हुद्दा आणि प्रवर्ग एवढेच मिळते, पदसिद्ध सदस्यांचे तर नावही नसते. पुढची माहिती माहिती अधिकार कायदा, 2005 खाली मागता येते. कलम 4(1)(ख) प्रमाणे मंडळे आणि समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि कार्यवृत्त मिळते का, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून जाहीर करायचे आहे. ते नसेल तर 10 रुपये शुल्कासह मंडळाच्या लोक माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तराची मुदत 30 दिवस.

अर्ज कसा लिहावा यावर बरेच अवलंबून आहे. ‘सदस्यांची संपूर्ण वैयक्तिक माहिती द्यावी’ असे लिहिले की कलम 8(1)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहितीचा अपवाद, दाखवून अर्ज परत येतो. त्याऐवजी प्रत्येक सदस्याची नेमणूक कोणत्या प्रवर्गातून झाली, आदेशाची प्रत, मुदत कधी संपते, कोणत्या समितीवर आहे, मागच्या दोन वर्षांत किती बैठका झाल्या आणि त्यांतल्या किती बैठकांना तो हजर होता, असे तुटक प्रश्न विचारावेत. हजेरीपत्रकाची प्रत मागायला विसरू नये. पदसिद्ध सदस्याच्या जागी अनेकदा त्याचा प्रतिनिधी येऊन सही करतो, आणि यादीत आयुक्त असले तरी बैठकीत सहसंचालक बसलेले असतात, हे तिथेच उघड होते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर 30 दिवसांत प्रथम अपील करावे. ते मंडळातल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. दुसरे अपील भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे, 90 दिवसांच्या आत.